चार डिग्रीतला हाख

आमच्या ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की एक मोठं कार्ड फिरतं. सगळे न वाचता सही ठोकतात आणि केकची वाट बघतात. कार्ड खैरनारांकडे गेलं की मात्र तासभर अडकून पडायचं. ते आधी उठायचे, ज्याचा वाढदिवस आहे तो माणूस आज खरंच कामावर आलाय का, हे त्याच्या टेबलापर्यंत जाऊन डोळ्यांनी बघून यायचे. मग चष्मा लावायचा, पूर्ण नाव लिहायचं, खाली तारीख आणि वेळ घालायची आणि सही करायची. नवीन लागलेली पोरं गालात हसायची. मला कारण माहीत होतं, त्यामुळे मला कधी हसू आलं नाही.

नामदेव खैरनार दुबईच्या जबल अली बंदरातल्या आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये शिफ्ट सुपरवायझर होते. मी त्याच कंपनीत डॉक्युमेंटेशनला. कंटेनर आत आले, बाहेर गेले, त्यांचे कागद करायचे आणि कागद करून उरलेल्या वेळात कंपनीला जे जे लिहून हवं असेल ते लिहून द्यायचं. शारजात अल मजाजला आमचं घर. तिथून रोज कंपनीच्या बसनं जबल अली गाठायचं आणि संध्याकाळी तेच रडगाणं उलट. वाटेत दुबईतल्या देऱ्याला खैरनार चढायचे. त्या बसमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून ओळख झाली. नाहीतर डॉक्युमेंटेशनची मॅडम आणि उणे बावीस डिग्रीच्या फ्रीझरमधला माणूस यांची भेट फक्त केकपुरती होते.

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. बाहेर पंचेचाळीस डिग्री असो, अंगात कंपनीचं निळं जाड फ्रीझर जॅकेट. ‘‘काढलं-घातलं, काढलं-घातलं, त्यापेक्षा असू द्या ना ताई,’’ म्हणायचे. नाशिककडचे, कांद्याच्या पट्ट्यातले. पण हे कांदा पिकवून बाजारात नेणाऱ्यांतले नव्हेत, कांद्याचं बी धरणाऱ्यांतले. त्यांच्या घरी आजोबांपासून तेच. हजार कांद्यांतला एक सरस कांदा निवडायचा, तो पुन्हा लावायचा, त्याला डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, येऊ द्यायचा, त्या गोंड्यातलं काळं बी झाडून घ्यायचं. डेंगळा आला की बाकीचे शेतकरी कपाळाला हात लावतात, कारण त्या कांद्याला बाजारात कुणी विचारत नाही. खैरनारांच्या घरी डेंगळा आला की गूळ वाटत. धाकट्या भावाच्या वाट्याला जमीन पुरावी म्हणून हे इकडे आले आणि अकरा वर्षं थंडीत राहिले.

दुपारी पँट्रीत ते कांदा बुक्कीनं फोडून खायचे. सुरीनं कापला की त्याला राग येतो म्हणायचे. दाराला, खोक्याला, कंटेनरला, कशालाही हात लावायच्या आधी बोटाच्या पेरानं दोनदा ठकठक करायची त्यांची सवय होती. आणि कुणी घाई केली की एकच वाक्य, ‘‘मान पडू द्या.’’ कांद्याची पात माना टाकते तेव्हाच कांदा काढायचा, आधी काढला तर टिकत नाही, हे त्यामागचं शास्त्र. पण ते आम्हाला सांगायचे चहा उकळताना, बस उशिरा आली तर, मॅनेजर ‘यल्ला, यल्ला’ करत आला तर. मॅनेजर लेबनीज होता. त्यालाही शेवटी ‘मान’ हा शब्द पाठ झाला होता.

त्यांच्या शिफ्टला बशीर नावाचा एक काश्मिरी लोडर होता. पंचविशीतला, गोरापान, अबोल. गोदामाच्या मागच्या भिंतीला जिथं दिवसभर सावली असते तिथं त्यानं जुन्या लोणच्याच्या निळ्या पिंपांत एक पालेभाजी लावली होती. मला वाटलं पालक. तो म्हणाला, ‘‘हाख है, मॅडम.’’ सुपरमार्केटमध्ये केल नावाची जी भाजी पंधरा दिरहमला जुडी मिळते, म्हणजे आपले साडेतीनशे रुपये, त्याच कुळातली ही काश्मिरातली भाजी. बर्फाखाली हिवाळा काढते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला फुलते. बशीरच्या आईकडे तिच्या सासूपासून आलेलं बी होतं, घरचं. हा येताना दुधाच्या पावडरीच्या डब्यात ते सगळंच्या सगळं घेऊन आला होता. दुसऱ्या वर्षी घेऊन येतो ताजं, असं आईला सांगून. इथं ते फुलतच नाही, हे त्याला इथं आल्यावर कळलं. ‘‘इसको बर्फ चाहिए, मॅडम. बर्फ नहीं तो इसको पता ही नहीं चलता कि एक साल गया.’’ पानं मात्र भरपूर यायची. जानेवारीत त्यानं मला एक जुडी दिली. मी तिची डाळीचं पीठ पेरून भाजी केली. त्यानं चव घेऊन इतकं दुःखी तोंड केलं, की मी पुन्हा डबा पुढे केला नाही.

त्याच महिन्यात तो गेला.

सांगायचं तर चार ओळींत सांगता येतं. फ्रीझरमध्ये माल ठेवायच्या उंच लोखंडी रॅक असतात. त्यांच्या आडव्या तुळया एका पिनेनं अडकवलेल्या असतात. शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरनं प्रत्येक रांगेतून चालत जाऊन त्या पिना बघायच्या आणि मग चेकलिस्टवर सही करायची. त्या सकाळी खैरनारांनी आधी सही केली आणि चहा घेतला. चहा झाला की राउंड मारू, असं मनात. तेवढ्यात फोर्कलिफ्टनं वरच्या मजल्यावर पॅलेट ठेवलं, एका जागी पिन नव्हती, तुळई निसटली आणि गोठलेल्या मटारची खोकी खाली आली. बशीर खाली होता.

खैरनार तीन दिवस पोलीस ठाण्यात होते. त्या तीन दिवसांत बशीरचं शव आणि सामान पाठवायची सगळी कागदपत्रं मी केली. घरच्यांसाठी काय घडलं त्याची हकिगत लिहायची होती. एक इंग्रजीत, आणि मॅनेजर म्हणाला, त्यांना समजेल अशी एक हिंदीत. पानभर मजकूर. वेळ, जागा, ड्यूटीवर कोण होतं. छापला, पाकिटात घातला, सामानाच्या बॅगेत वर ठेवला. मग घरी येऊन इराला, माझ्या लेकीला, विनाकारण रागावले.

खैरनार सुटले, पण पासपोर्ट कोर्टात जमा झाला. खटला संपेपर्यंत देश सोडायचा नाही. कंपनीनं त्यांना कामावरून काढलं नाही. फ्रीझरमधून काढून चार डिग्रीच्या खोलीबाहेर, आवक लिहायच्या टेबलावर बसवलं. वकील पहिल्या दिवशी म्हणाला होता, राउंड मारली होती असं सांगा, पिन नंतर पडली असेल. खैरनार कोर्टात म्हणाले, नाही मारली. वकिलानं कपाळावर हात मारून घेतला. मग तज्ज्ञ आले, त्यांचे अहवाल आले, तारखा पडल्या, भाषांतरं हरवली, पुन्हा तारखा पडल्या. आम्ही विचारायचो, ‘‘काय खैरनार, काय झालं?’’ ते म्हणायचे, ‘‘मान नाही पडली अजून.’’

त्यांच्या मुलीचं लग्न त्याच दरम्यान झालं. तारीख पुढे ढकलू, असं बायको म्हणत होती. ते म्हणाले, माझ्यासाठी तिला कशाला अडकवता. पँट्रीत भिंतीला फोन टेकवून, जॅकेटच्या आत नवा शर्ट घालून ते उभे राहिले. मी शेजारी. हातात सॅम्पलच्या पिशवीतला बासमती, अक्षता म्हणून. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नेमकं चित्र गोठलं. मुलीचा अर्धा हार आणि कुणाचा तरी कोपर एवढंच. तरी ते प्रत्येक ‘सावधान’ अंदाजानं म्हणून त्या कोपरावर अक्षता टाकत राहिले. चित्र हललं तेव्हा पंगत बसली होती. त्यांनी सगळे तांदळाचे दाणे वेचून घेतले, एकही खाली ठेवला नाही, आणि टेबलावर जाऊन बसले. मला तिथं रडू आलं, ते सांगायला लाज कसली.

सहीचं खूळ तेव्हापासूनचं. सही करायचं काहीही समोर आलं की जाऊन बघायचं. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा बसायच्या आधी खुर्ची हलवली, मग काचेचं कपाट हलवलं, मग गुडघ्यावर बसून टेबलाखाली बघितलं. इरा म्हणाली, ‘‘आई, व्हॉट इज अंकल लुकिंग फॉर?’’ मी म्हटलं, ‘‘पिन.’’ माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी गुपचूप स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कपाट भिंतीला आवळून टाकलं.

बशीरच्या आईचा फोन एकदाच आला होता, माझ्याकडे, सामान पोचल्यावर. बोलत होती त्याची बहीण, शाळेत शिकवणारी. आई मागून सांगत होती. घड्याळ मिळालं, कपडे मिळाले, कागद मिळाले. ‘‘अम्मी पूछती हैं, वो डब्बा? बीज वाला?’’ घरात दुसरं बी नव्हतं. बाजारात मिळतं, पण ते घरचं नव्हे. मी म्हटलं शोधते. खैरनारांना सांगितलं. त्यांनी पिंपांच्या मागं पालथी घातलेली बादली उचलली, तिच्याखाली डबा होता, आणि डब्याच्या तळाशी चिमूटभर बी. मोहरीसारखं, काळसर. पिंपांतली रोपं तोवर पाण्याविना सुकून गेली होती, तिकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

मी म्हटलं, कुरिअर करून टाकू.

‘‘एवढंसं? आणि जुनं?’’ त्यांनी दोन दाणे नखावर घेऊन बघितले. ‘‘ताई, मला तिच्यासमोर जाऊन सांगायचंय, मी सही आधी केली म्हणून. तोंडानं सांगायचंय. पासपोर्ट मिळाला की पहिलं तिकडं जायचं. पण रिकाम्या हातानं कसं उभं राहू त्या दारात? हे वाढवून नेतो. बी धरणं येतं मला. तेवढं एक येतं.’’

त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर खटल्याची फाइल खाली गेली आणि डबा वर आला.

कांद्याच्या माणसाला थंडीचं गणित नवीन नव्हतं. कांदाही थंडी खाल्ल्याशिवाय डेंगळा देत नाही. त्यांनी अर्धं बी सप्टेंबरात पेरलं, रोपं अंगठ्याएवढ्या जाड देठाची होऊ दिली. मग घरच्या शिस्तीनं निवड केली. सगळ्यांत सरस असं एकच रोप ठेवलं, बाकीची काढून आम्हाला भाजीला वाटली. आणि ते एक रोप नोव्हेंबरात चार डिग्रीच्या खोलीत ठेवायचं ठरलं. अडीच महिन्यांचा हिवाळा.

खाण्याच्या मालाच्या खोलीत माती न्यायची बंदी. यावर खैरनारांकडे उपाय नव्हता, माझ्याकडे होता. मुळं धुऊन, नारळाच्या भुश्शात लावून, झाकणाच्या स्वच्छ क्रेटमध्ये रोप ठेवलं आणि मी त्यावर छापील लेबल लावलं, ‘सॅम्पल, क्वालिटी होल्ड’, भोवती लाल पट्टी. आमच्या धंद्यात लाल पट्टीला कुणी हात लावत नाही. निकाल येईपर्यंत माल हलवायचा नाही, विकायचा नाही, फेकायचाही नाही. नवा सुपरवायझर केरळचा. त्यानं लेबल वाचलं, आत वाकून पान बघितलं, मला त्यांच्याकडच्या ताईची हाक मारून म्हणाला, ‘‘चेची, रिझल्ट कब आएगा?’’ मी म्हटलं, ‘‘फेब्रुवारी, इन्शाल्ला.’’ तो ट्यूबलाइटखालची जागा दाखवून गेला. पहिल्या आठवड्यातच पानं पिवळी पडायला लागली. शेजारी सफरचंदं होती, त्यांचा वास बाधला. क्रेट चीजकडे हलवलं तेव्हा रोप सावरलं.

फेब्रुवारीत ते बशीरच्या पिंपात आलं आणि महिन्याभरात फुललं. पिवळी धमक फुलं, चार पाकळ्यांची, कमरेइतक्या उंच दांड्यावर. खैरनार जेवायच्या सुट्टीत त्याच्यासमोर उभं राहून कांदा खायचे. फ्रीझरची पोरं येऊन फोटो काढून जायची. मग फुलं गळली. शेंगा धरायची वेळ आली आणि गेली. दांड्यावर नुसत्या काड्या राहिल्या. खैरनारांनी एकेक काडी चिरून बघितली. एक दाणा नाही.

‘‘कांद्याचा एकटा गोंडा ठेवला तरी मूठभर देतो,’’ ते म्हणाले, ‘‘ह्याला काय कमी केलं मी?’’ वर्ष गेलं होतं. त्याच आठवड्यात पुन्हा तारीख पडली होती. जबल अलीच्या त्या भिंतीशी जॅकेट घालून उभा असलेला तो माणूस मला अजून दिसतो. ना घरी जाता येत, ना बी निघत. मी चिडले. त्यांच्यावर नव्हे, पण बोलले त्यांनाच. ‘‘तिच्या सासूपासूनचं बी आहे ना? मग तिला विचारा की. नंबर आहे माझ्याकडे.’’

‘‘मी? कोण बोलतोय म्हणून सांगू?’’

‘‘नाव सांगा तुमचं.’’

फोन मी लावला, माझ्या केबिनमधून, स्पीकरवर. दोन खुर्च्या हलवून बघून ते तिसऱ्या खुर्चीवर बसले. पलीकडे आई स्वतःच होती. ‘‘अम्मा, मैं नामदेव बोल रहा हूँ, दुबई से,’’ खैरनार म्हणाले, ‘‘बशीर के साथ काम करता था.’’

पलीकडून आवाज नाही. बराच वेळ नाही, शेवटी मी फोन उचलून लाइन गेली का बघितलं. सेकंद पळत होते. मग ती म्हणाली, ‘‘बोलो.’’

त्यांनी विचारलं. फुलं आली, बी धरलं नाही.

‘‘कितने पौधे रखे थे?’’

‘‘एक. सबसे अच्छा वाला.’’

ती म्हणाली, ‘‘अकेला हाख बीज नहीं देता, बेटा. उसको अपने जैसे दूसरे चाहिए. दस-बारह रखो. अच्छे-बुरे सब साथ रखो. छाँटना मत.’’

खैरनार ‘जी, जी’ करत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी खुर्ची जागेवर सरकवली. ‘‘मला ती बेटा म्हणाली,’’ म्हणाले. ‘‘साथी आहे असं समजून म्हणाली.’’

मग दर रविवारी ते तिला फोन करायला लागले, स्वतःच्या मोबाइलवरून. किती पाणी, केव्हा खुडायचं नाही, शेंग कधी पिकली म्हणायची. ती विचारायची जेवलास का, गुडघे कसे आहेत, मुलगी सासरी कशी आहे. बशीर कसा गेला हे तिनं कधी विचारलं नाही. दर सोमवारी बसमध्ये खैरनार मला म्हणायचे, ‘‘काल सांगणारच होतो.’’ फोनवर सांगायची गोष्ट नव्हे ही, हे त्यांचं म्हणणं मला पटायचं. पण प्रत्येक ‘बेटा’नं ते जास्त अडकत होते, हेही दिसत होतं. एकदा म्हणाले, ‘‘कोर्टात एका वाक्यात सांगितलं मी. इथं वर्ष होत आलं तरी तोंड उघडत नाही.’’

दुसऱ्या खेपेला उरलेलं सगळं बी पेरलं. आता चुकलं तर पुन्हा पेरायला काही नव्हतं. चौदा उगवली, अकरा जगली. त्यात दोन अगदी किडमिडी, वाकडी. ती काढायला त्यांचा हात दोनदा गेला आणि दोनदा मागं आला. पाच क्रेट लाल पट्टीत चार डिग्रीत गेली. डिसेंबरात बाहेरचा ऑडिटर आला, त्यानं पेन रोखून विचारलं, हे होल्डवर का? मी म्हटलं, निकाल यायचाय. त्यानं मान हलवून पुढचं पान उलटलं. इतकी वर्षं कागद करते आहे, एवढं खरं वाक्य मी कुठल्या ऑडिटरला सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी अकराही फुलली. इराचा रंगाचा बारीक ब्रश घेऊन खैरनार या फुलातला पराग त्या फुलाला लावत फिरायचे. एकही झाड चुकायचं नाही, किडमिड्यांनाही पाळी. मार्चमध्ये देठाशी हिरव्या सुया दिसल्या. मग त्या शेंगा झाल्या, मोहरीच्या असतात तशा. त्यांनी मला बोलावून नेलं, उन्हासमोर एक शेंग धरली. आत दाण्यांची रांग दिसत होती.

आणि एप्रिलच्या मध्याला निकाल लागला. कोर्टानं दोष जास्त कंपनीवर आणि थोडा खैरनारांवर ठेवला, दंड विम्यातून गेला, पासपोर्ट सुटला. कंपनीनं त्याच आठवड्यात त्यांना मोकळं केलं. व्हिसा खलास, महिन्याभरात देश सोडायचा. मॅनेजरनं पाठीवर थाप मारली, ‘‘मबरूक, हबीबी! गो होम!’’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खैरनारांचा चेहरा उतरला होता.

‘‘शेंगा हिरव्या आहेत हो ताई,’’ ते मला म्हणाले. ‘‘मान नाही पडली अजून.’’

दोन वर्षांहून जास्त काळ पासपोर्टसाठी झुरलेला माणूस आता वकिलाला विचारत होता, चार आठवडे वाढवून मिळतील का. वकील म्हणाला, तुमच्यासारखा अशील मी पाहिला नाही. मुदत वाढली नाही. वर बाहेर चाळीसच्या पुढे पारा गेला आणि पिंपांतली झाडं दुपारी माना टाकायला लागली. नको त्या माना.

मग अकरा झाडं आमच्या घरी आली. अल मजाजला, सतराव्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीत, एसीखाली. सोफा बेडरूममध्ये गेला. नवरा महिनाभर कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बातम्या बघत होता. ‘‘माहेरची माणसं आली असती तर इतके दिवस राहिली नसती,’’ एवढंच म्हणाला. इरानं मैत्रिणींना सांगितलं, ‘‘वी आर होस्टिंग अ जंगल.’’ खैरनार एक दिवसाआड देऱ्याच्या शेअरिंग रूममधून बस बदलत यायचे, कपाट हलवून बघायचे आणि मग एकेका शेंगेशी वाकायचे. दहा शेंगा पिवळ्या. तीस. अर्ध्या. मुदतीचे सहा दिवस उरले तेव्हा त्यांनी दांडे कापले, पंख्याला उलटे टांगले, खाली माझी जुनी पांढरी चादर अंथरली.

तिसऱ्या दिवशी शेंगा चुरल्या. हॉलच्या मधोमध मांडी घालून, जॅकेट काढून. त्या माणसाला मी पहिल्यांदाच बिनजॅकेटचा बघितला, किती बारीक झाला होता. परातीत बी पाखडून, फोलपट तोंडानं फुंकून, शेवटी दोन ओंजळी काळसर दाणे उरले. त्यातले दहा त्यांनी ओल्या टिश्यूवर ठेवून आमच्या स्वयंपाकघरात झाकून ठेवले. दोन दिवसांनी नऊंना मोड आले. खैरनारांनी टिश्यू उघडून इराला दाखवला. ‘‘नाइन आउट ऑफ टेन, अंकल! दॅट्स ॲन ए!’’ ती ओरडली, आणि ते हसले. खळखळून हसताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

बी डब्यात भरलं, बशीरच्याच. एक चिमूट कागदात बांधून त्यांनी माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. खैरनारांच्या आईची शिकवण, बी हातावर द्यायचं नाही, खाली ठेवायचं, घेणाऱ्यानं उचलायचं. मी वाकून उचलली.

शारजा विमानतळावर मी आणि माझा नवरा सोडायला गेलो. आधी दिल्ली, मग श्रीनगर, तिथून गाडीनं गाव. नाशिक त्यानंतर. त्यांची बायको आधी रागावली, मग म्हणाली, जा, पण बोलून या. मे महिन्यातही जॅकेट अंगात होतंच. ‘‘तिकडं गार असेल,’’ म्हणाले. माझ्या नवऱ्यानं विचारलं, अकरा वर्षं उणे बावीसमध्ये काढून काश्मीरची थंडी घाबरवते का? ‘‘भाऊ, ती आपली नाही ना,’’ ते म्हणाले. मोबाइलचं सिम त्यांनी सकाळीच रूममधल्या दुसऱ्या माणसाला देऊन टाकलं होतं, इथं आता आपलं काम काय, म्हणून. ते येतायत एवढं तिला ठाऊक होतं.

आत जायच्या दारापाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. ‘‘ताई, वाक्य ऐका. हिंदी बरोबर आहे का बघा.’’ आणि शाळेतल्या मुलासारखे सरळ उभे राहून म्हणाले, ‘‘अम्मा, मैं साथी नहीं था. मैं सुपरवायझर था. साइन मैंने किया था, देखा नहीं था.’’

मी म्हटलं, बरोबर आहे.

‘‘पहिल्या फोनलाच सांगायला पाहिजे होतं. नुसतं नामदेव म्हणालो मी. तिला काय माहीत कोण नामदेव. दर रविवारी बेटा म्हणायची. आता ऐकल्यावर काय म्हणेल?’’ त्यांनी डबा छातीशी धरला. ‘‘बी तरी घेईल ना?’’

रांग पुढे सरकली. ते आत गेले. काचेपलीकडे फक्त प्रवाशांना सोडतात.

नवरा गाडीची किल्ली काढत होता आणि मी तिथंच थांबले. नामदेव. ते नाव मी टाइप केलं होतं. हिंदीत, पाचव्या की सहाव्या ओळीत. ‘उस समय शिफ्ट सुपरवायझर श्री नामदेव खैरनार ड्यूटी पर थे और उस दिन की जाँच पर उनके हस्ताक्षर हैं.’ तो कागद मी स्वतः बॅगेत वर ठेवला होता. कागद मिळाले, असं बहीण बोलली होती, शाळेत शिकवणारी बहीण. आईला तिनं वाचून दाखवला नसेल असं होणार नाही. पहिल्या फोनला नाव ऐकून पलीकडे आवाज गेला होता. लाइन गेली नव्हती. त्या तेवढ्या वेळात तिनं नाव ओळखलं होतं, आणि मग म्हणाली होती, बोलो. मग म्हणाली होती, अकेला हाख बीज नहीं देता, बेटा.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी, जिनं लिहिलं, ती विसरले होते.

मी धावले. काचेवर हात मारला, ‘खैरनार, खैरनार’ ओरडले. पहारेकरी माझ्याकडे यायला लागला. ते बरेच आत, पासपोर्टच्या रांगेत होते, निळ्या जॅकेटात. पासपोर्ट ठेवलेल्या खिशावर एक हात घट्ट दाबलेला. शेवटी त्यांनी वळून बघितलं. मी दोन्ही हातांनी खुणा केल्या, नाही, नाही, तिला माहीत आहे, सगळं माहीत आहे. त्यांना वाटलं, मी निरोप देतेय. त्यांनी डबा वर केला, बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा ठकठक केली, सगळं ठीक आहे अशी मान हलवली, आणि ते वाक्य पुटपुटत पुढं सरकले.